कळकाचे काटे

डिसेंबर २०१९. इगतपुरी तालुक्यातल्या, दारणेच्या काठच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या पडवीत मी बसलो होतो. पुढ्यात स्पायरल बाइंडिंग केलेली कोरी करकरीत वही होती. वर गावाचे नाव, खाली ठळक अक्षरात 'लोक जैवविविधता नोंदवही'. मी त्या पट्ट्यात वर्षानुवर्षे मासे बघत हिंडतो हे सरपंचांच्या मुलाला ठाऊक होते. म्हणून त्याने निरोप धाडला होता : "काका, सह्या व्हायच्या आधी एकदा नजर टाका."

पाने उलटत गेलो. झाडांच्या यादीत ऐन, हिरडा, मोह, जांभूळ. ठीक. मग आले तिवर. तिवर हे खाडीतले झाड. भरती-ओहोटीच्या खाऱ्या चिखलात वाढणारे. हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर. माशांच्या पानावर बोय हा खाडीतला मासाही होता. कोकणातल्या कुठल्याशा गावची वही उचलून तिच्यावर या गावाचे नाव घातले होते, आणि तेही एके ठिकाणी बदलायचे राहून गेले होते. ज्यांना हे काम दिले होते त्यांचा माणूस गावात एकदाच, तासाभरासाठी येऊन गेला होता.

पडवीच्या कडेला आप्पा बसले होते. सत्तरीचे असतील. दारणेत आणि तिला मिळणाऱ्या ओहोळांत आयुष्यभर मासे धरलेले. मी माशांची यादी मोठ्याने वाचली तेव्हा ते म्हणाले, "दगडाला चिकटून ऱ्हातो तो मळ्या हाय का त्यात?" नव्हता. "मग मला इचारलं आस्तं तर सांगितलं आस्तं की."

ज्या माणसाच्या डोक्यातून ही नोंदवही निघाली, त्याने नेमके हेच करायला सांगितले होते, आप्पांना विचारायला. तो माणूस म्हणजे माधव गाडगीळ. आपल्याकडे त्यांचे नाव निघाले की पश्चिम घाटाचा अहवाल आठवतो, आणि दरड कोसळली की तो अहवाल पुन्हा वर्तमानपत्रात येतो. पण अहवाल हा त्यांच्या कामाचा शेवटचा टप्पा होता. त्याआधीची चाळीस वर्षे ते काय करत होते हे कळले तर अहवाल कळतो, आणि इगतपुरीतली ती वही का बिघडली तेही कळते. मला ते कळायला बांबूच्या एका बेटाची मदत झाली.

माझे शिक्षण आयटीआयचे. सातपूरच्या कारखान्यात माझी पंचवीस वर्षे तपासणी खात्यात गेली. ड्रॉइंगवर लिहिलेले माप आणि हातातल्या वस्तूचे माप जुळते का, एवढे बघायचे. जुळले नाही की वस्तू बाजूला. ड्रॉइंग चुकले असेल अशी शंका घ्यायची पद्धत आमच्याकडे नव्हती. गाडगीळांचे लेखन मी वाचू लागलो तेव्हा पहिल्यांदा दिसला तो ड्रॉइंगवर शंका घेणारा माणूस.

गाडगीळांचा जन्म पुण्यातला, २४ मे १९४२चा. वडील धनंजयराव गाडगीळ, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक आणि सहकारी साखर कारखानदारीचे एक शिल्पकार. शेजारी इरावती कर्वे. त्यांच्यामुळे माणसांच्या चालीरीती हा अभ्यासाचा विषय असतो हे या मुलाला लहानपणीच दिसले. धनंजयरावांना पक्ष्यांचा नाद होता. वेडा राघू नावाचा छोटा हिरवा पक्षी आपण तारेवर नेहमी बघतो. त्याच्या शेपटीतून सुईसारखे एक पीस बाहेर आलेले असते. मुलाला काही राघू त्या सुईविना दिसले. वडिलांनी सुचवले, सालीम अलींना पत्र लिहून विचार. त्याने लिहिले, आणि एवढ्या मोठ्या माणसाचे उत्तर आले, की पिसे गळून नवी येण्याचा तो काळ असतो. शाळकरी पोराच्या निरीक्षणाला कुणीतरी निरीक्षण म्हणून वागवले. पुढे आयुष्यभर गाडगीळांनी गुराखी, बुरूड, मासेमार यांच्या बोलण्याला असेच वागवले, याचे मूळ मला त्या पत्रात दिसते. हा माझा अंदाज. ज्याला हवा त्याने तो घ्यावा.

फर्ग्युसन, मुंबई विद्यापीठ आणि मग हार्वर्ड. तिथे ते गेले माशांच्या अभ्यासाच्या ओढीने, पण रमले गणितात. १९६९मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १९७०मध्ये विल्यम बॉसर्ट यांच्याबरोबर लिहिलेला एक निबंध प्रसिद्ध झाला. परिसरशास्त्रात तो आजही वाचला जातो. त्यातला प्रश्न कुणालाही समजेल असा आहे. आंबा दरवर्षी फळतो, गाय अनेकदा विते. पण काही जीव आयुष्यभर सगळी शक्ती साठवतात, एकदाच भरभरून प्रजा निर्माण करतात आणि मरून जातात. सामन मासा समुद्रातून नदीत चढतो, अंडी घालतो आणि संपतो. बांबू कित्येक दशके नुसताच वाढतो, एकदा फुलतो आणि अख्खे बेट वाळून जाते. निसर्गाच्या निवडीत असला आतबट्ट्याचा व्यवहार टिकला कसा? थोडी गुंतवणूक केली तर काहीच हाती लागत नाही आणि सगळी केली तरच भरपूर मिळते, अशी परिस्थिती असेल तर असा आयुष्यक्रम फायद्याचा ठरतो, हे त्यांनी गणिताने दाखवले. अर्थशास्त्रज्ञाच्या मुलाने जमाखर्च मांडला, एवढेच.

हार्वर्डमध्येच राहता आले असते. १९७१ साली गाडगीळ आणि त्यांच्या पत्नी, मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ, भारतात परतले. सुरुवातीची दोन वर्षे पुण्यात आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत गेली. तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक होते. दोघे मिळून सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घालू लागले. देवराई आपल्याला नवी नाही. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या कित्येक गावांत देवाच्या नावाने राखलेला झाडांचा पुंजका अजून आहे. तोवर त्याकडे शहरी माणूस बघायचा तो श्रद्धेचा किंवा अंधश्रद्धेचा विषय म्हणून. या दोघांनी त्या रायांमध्ये झाडे मोजली, वेली मोजल्या आणि आजूबाजूच्या जंगलातून नाहीशा झालेल्या जाती तिथे कशा टिकून आहेत ते मांडले. १९७६ साली त्यावरचा निबंध आला.

त्या भटकंतीतली एक हकिगत मला महत्त्वाची वाटते. श्रीवर्धनकडच्या गाणी या गावात कालकाईची राई होती आणि तिच्यावर तोडीचे संकट आले होते. ती वाचवावी म्हणून गावकऱ्यांनीच या अभ्यासकांकडे मदत मागितली. त्यांच्या बोलण्यात देवीच्या कोपाबरोबर पाण्याचीही काळजी होती. राई गेली तर ओढा आटेल. जंगल आणि नदी ही दोन खाती आपण कागदावर वेगळी केली. गावाच्या हिशेबात ती एकाच पानावर होती.

१९७३मध्ये गाडगीळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले आणि दोन वर्षांनी बांबूच त्यांच्या दारात चालत आला. या वेळी गणितातला नाही, खराखुरा. कर्नाटकात कागद गिरण्यांना बांबू कमी पडू लागला होता. उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेलीला १९५०च्या दशकाच्या अखेरीस मोठी गिरणी उभी राहिली, तेव्हा सरकारने तिला बांबू देऊ केला टनाला दीड रुपया दराने. दीड रुपया! तोच बांबू टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बाजारात कित्येक शेकडो पटींनी महाग पडत होता. गिरणी उभी करताना बांबू कायम पुरेल असा हिशेब मांडला होता. वीस वर्षांच्या आतच बेटे विरळ झाली. वनखात्याचे म्हणणे होते की गावकरी गुरे चारतात, वणवे लावतात, म्हणून बांबू संपतो. सरकारने गाडगीळांना हा प्रश्न तपासायला सांगितला.

आता बांबू वाढतो कसा ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. बेटाच्या बुडाशी जमिनीत कंद असतात. पावसाळ्यात त्यांतून कोंब फुटतात, आणि दोन-तीन महिन्यांत त्या कोंबाची पूर्ण उंचीची काठी होते. झाडासारखा तो दरवर्षी जाड होत जात नाही. जो काही व्हायचा तो पहिल्याच पावसाळ्यात. त्यामुळे कोंब म्हणजे बेटाची वर्षाची सगळी कमाई, आणि ही कमाई लुसलुशीत, गोड. ती गुरांना आवडते, रानडुकरांना आवडते, साळिंदराला, वानरांना आणि आपल्यालाही. कळक या जातीने त्यावर तोड काढली आहे. बुडाकडच्या पेरांतून काटेरी फांद्या निघतात, एकमेकींत अडकतात आणि बेटाभोवती असे कुंपण तयार होते की हात घालणे अशक्य. कोंब वाढतो तो या तटबंदीच्या आत.

गिरणीच्या तोडकाम्यांना बेटाच्या बुडापर्यंत पोहोचायचे तर हे काटे अडचणीचे. म्हणून ते साफ केले जात. वनखात्याच्या पुस्तकी शहाणपणालाही ते मान्य होते : बेट मोकळे केले की हवा खेळते, गर्दी कमी होते, नवे कोंब जोमाने येतात. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद जंगलात राहून बेटे मोजू लागले. या बेटात किती काठ्या, यंदा किती कोंब आले, त्यांतले किती जगले, पुढच्या वर्षी किती. तिथल्या गावकऱ्यांनी त्यांना आधीच सांगून ठेवले होते, की साहेब, काटे काढता म्हणून बांबू मरतो. काटे गेले की कोंब उघडे पडतात आणि जो येतो तो खाऊन जातो. मोजणीतून गावकऱ्यांचेच म्हणणे खरे निघाले. गुरे कोंब खात होती हे वनखात्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण गुरांसाठी दार उघडून ठेवले होते ते साफसफाईने. शिवाय जंगलात बांबू किती आहे याचे कागदावरचे आकडेही फुगलेले होते. ड्रॉइंगच चुकले होते.

हे वाचताना मी कारखान्यातल्या खुर्चीत होतो, रात्रपाळीला. पान मिटून बराच वेळ बसलो. इथे कुणी मोठा खलनायक नाही. काटे साफ करणारा मजूर, पुस्तकाप्रमाणे वागणारा अधिकारी, स्वस्त माल मिळतोय म्हणून घेणारी गिरणी. दीड रुपया टनाने मिळणाऱ्या वस्तूची काळजी कोण घेणार? जवळचे बेट संपले की पुढच्या जंगलात, ते संपले की शेजारच्या राज्यात. गिरणीचे काही अडत नव्हते. अडत होते ते बुरुडाचे, कारण त्याला दुसऱ्या राज्यात जाता येत नव्हते. पण या बुरुडाला किंवा गुराख्याला सुरुवातीला कुणी विचारले असते, तर वीस वर्षांचे नुकसान टळले असते. १९८४ साली गाडगीळ-प्रसाद यांनी दोन भारतीय बांबूंच्या आयुष्यक्रमावर जो शास्त्रीय निबंध लिहिला, त्यात हार्वर्डचे गणित आणि उत्तर कन्नडची मोजणी एकत्र आली.

आता जरा आपल्या निफाडकडे येतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा इंग्रजी अमदानीतला बंधारा आहे. त्याच्या गाळाने तयार झालेली पाणथळ १९८६ साली अभयारण्य झाली आणि जानेवारी २०२०मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरली. आम्ही नाशिककर तिला कौतुकाने महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतो. मी पक्षी बघू लागलो तेव्हा खाणगाव थडीच्या बाजूला दुर्बीण लावून उभा असताना एक म्हशींचा कळप पाण्यात शिरला. बदके उडाली आणि मी त्या गुराख्यावर ओरडलो. या म्हशी इथून कायमच्या हाकलल्या पाहिजेत असे माझे तेव्हा ठाम मत होते. पुढे खऱ्या भरतपूरची गोष्ट वाचली आणि त्या ओरडण्याची लाज वाटली.

भरतपूरची केवलादेव झील राष्ट्रीय उद्यान झाली तेव्हा, १९८२ साली, तिथे म्हशी चारण्यावर बंदी आली. पक्ष्यांच्या भल्यासाठी हे आवश्यक आहे असे सालीम अलींसारख्या तज्ज्ञांचे मत होते. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. बंदी अमलात आली. मग पाण्यात गवत माजले. म्हशी जे गवत खाऊन पाणी मोकळे ठेवत, त्याने झील झाकून गेली आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. हे सिद्ध केले ते सालीम अलींच्याच संस्थेने तिथे वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासाने. चूक कबूल करणारा हा अभ्यास त्याच संस्थेने केला याचे मला विशेष वाटते. गाडगीळ सालीम अलींना गुरुस्थानी मानत, तरी ही गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत आले.

तिथलीच आणखी एक नोंद आहे. भरतपूरजवळच्या आघापूर गावातल्या लोकांचे म्हणणे होते की सायबेरियाहून येणारे क्रौंच कमी होण्यालाही बंदी कारण आहे. ते पूर्वी तिथून वाळ्याची मुळे खणून नेत. त्या खणण्याने माती भुसभुशीत होई आणि क्रौंचांना चिखलातले कंद उकरणे सोपे जाई. हे खरे की खोटे? गाडगीळांचे म्हणणे असे की हे तपासण्याजोगे विधान आहे, आणि ते कुठेतरी लिहिलेले असले पाहिजे. इथे त्यांना भाबडे ठरवणाऱ्यांची गल्लत होते. गावकरी म्हणाला म्हणून खरे, असे ते कधी म्हणाले नाहीत. गावकऱ्यांनी स्वतःच्या देवराया विकल्याचीही उदाहरणे त्यांना माहीत होती. अधिकाऱ्याच्या आणि गुराख्याच्या, दोघांच्याही विधानाला एकच फूटपट्टी लावा, एवढाच आग्रह. आपल्याकडे गुराख्याच्या विधानापर्यंत फूटपट्टी पोहोचतच नाही, कारण ते विधान कागदावर येत नाही.

ते कागदावर यावे म्हणून लोक जैवविविधता नोंदवही. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून गाडगीळ आणि त्यांचे सहकारी वेगवेगळ्या राज्यांतल्या गावांतून, बरेचदा स्थानिक कॉलेजांच्या विद्यार्थी-शिक्षकांना हाताशी धरून, अशा नोंदी करू लागले. गावात कोणते जीव आहेत, कोणते होते, का गेले, कोण कशासाठी वापरते, कुणाचे कुणाशी पटत नाही, पुढे काय व्हावे असे वाटते. २००२च्या जैवविविधता कायद्याच्या मसुद्यात त्यांचा हात होता. त्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आली आणि नोंदवही करणे हे समितीचे मुख्य काम ठरले. कायदा झाला आणि बहुतेक ठिकाणी तो फायलीत गेला. समित्या नाहीत, वह्या नाहीत. शेवटी प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. ऑगस्ट २०१९मध्ये लवादाने मुदत घातली : ३१ जानेवारी २०२०पर्यंत सगळीकडे काम पूर्ण करा, नाहीतर राज्यामागे महिन्याला दहा लाख रुपये भरा. लवादाचा हेतू वाईट नव्हता. पण जे काम गावात बसून, पावसाळा-हिवाळा-उन्हाळा बघून करायचे, ते पाच महिन्यांत सगळीकडे करायचे म्हटल्यावर डोंगरावर तिवर उगवणारच.

अहवालाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मार्च २०१०मध्ये केंद्राने गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञगट नेमला. अहवाल ऑगस्ट २०११मध्ये सादर झाला. तो लोकांसमोर आला मे २०१२मध्ये, माहिती अधिकाराची लढाई आणि न्यायालय झाल्यावर. त्यात संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर पाडले होते. विकास नको असे त्यात कुठेही नाही. कुठे काय चालावे हे सुचवले होते, आणि ही सूचना स्थानिक भाषांत भाषांतरित करून ग्रामसभांपुढे न्यावी, त्यांचे म्हणणे ऐकून सीमा ठरवाव्या असे म्हटले होते. ते झालेच नाही. भाषांतराऐवजी गावोगाव अफवा पोहोचल्या, की घर बांधता येणार नाही, गुरे पाळता येणार नाहीत. मग कस्तुरीरंगन गट नेमला गेला. त्याने २०१३मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील म्हणून सुचवला. माझ्या मते दोन अहवालांतला खरा फरक टक्क्यांचा नाहीच. पहिल्यात सीमा ठरवायला आप्पांना बोलावले होते. दुसऱ्यात ती बरीचशी उपग्रहाच्या चित्रावरून ठरली.

बांबूच्या गोष्टीला मात्र महाराष्ट्रात एक पुढचे पान जोडले गेले. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण जंगलातला बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडे. वाद असा होता की बांबू हे झाड आहे की गवत? झाड असेल तर खात्याचे, गवत असेल तर गावाचे. वनस्पतिशास्त्रात याचे उत्तर कधीच देऊन झाले होते, बांबू गवताच्याच कुळातला. सरकार दरबारी ते पोहोचायला एप्रिल २०११ उजाडला. केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. दांडेलीत टनाला दीड रुपयाने गेलेला बांबू इथे गाव स्वतः मोजू लागले आणि स्वतःच्या दराने विकू लागले.

मी बांबूवाला नव्हे, मासेवाला. म्हणून परत दारणेवर येतो. कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी १८२०च्या दशकात दख्खनची पाहणी करत हिंडत होता. इथल्या माशांचे त्याने केलेले वर्णन १८३९च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्याने एक चांगली गोष्ट केली. नव्या जातींना नावे देताना मासेमारांच्या तोंडची नावेच लॅटिनात घातली. 'सिंघाला' म्हणजे आपला शिंगाळा, 'मुल्या' म्हणजे मळ्या. 'खुद्री', 'नुक्ता', 'फुलुंगी' हीसुद्धा त्याच वाटेने शास्त्रात गेली. जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ आज ती नावे उच्चारतो तेव्हा नकळत आपल्या नदीकाठचा माणूस बोलत असतो. शंभर वर्षांनी देवळालीच्या लष्करी छावणीत असलेल्या फ्रेझर नावाच्या साहेबाने दारणेतले मासे गोळा करून कलकत्त्याला सुंदरलाल होरा यांच्याकडे पाठवले. होरा हे डोंगरी प्रवाहांतल्या माशांचे फार मोठे अभ्यासक. त्या गोळ्यातून विज्ञानाला नवे असलेले तीन मासे निघाले. एक १९३५मध्ये होरांनी वर्णिला, दोन १९३८मध्ये होरा आणि मिश्रा यांनी. दोघांना फ्रेझरचे नाव मिळाले, तिसऱ्याला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या प्रेटर यांचे. दारणेच्या काठावरचे लोक त्यांना काय म्हणत, हे या वेळी नावात आले नाही.

प्रेटरच्या नावाचा मासा बोटाएवढा असतो. तोंड खालच्या बाजूला, छातीचे पर आडवे पसरलेले. वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहायचे आणि त्यावरचे शेवाळ खरवडून खायचे, असे त्याच्या कुळाचे जगणे. पाणी थांबले, दगडांवर गाळ बसला की त्याचे घर गेले. दारणेवर १९१६ सालचे धरण आहे, त्याच्या वर भावलीचे. खाली देवळालीपासून चेहेडीपर्यंत पात्रात मला दिसते ती जलपर्णी आणि चिलापी. आंतरराष्ट्रीय लाल यादीत हा मासा अतिसंकटग्रस्त गटात आहे. म्हणजे वाघाच्याही पुढच्या रांगेत. वाघासाठी प्रकल्प आहेत. याच्यासाठी नाशिकमध्ये साधी पाटीही नाही.

म्हणूनच आप्पांचा 'दगडाला चिकटून ऱ्हातो तो मळ्या' ऐकून मी त्या दिवशी पडवीत सावरून बसलो होतो. कुठे दिसतो, विचारले. ते म्हणाले, "धरणात नाय. वरल्या ओहोळात. पाऊस उघाडला की, पाणी निवळ झाल्यावर. मोटा मळ्या येगळा, ह्यो बारका. ह्याच्या अंगावर काळी रेघ." दोन मळ्यांतला फरक त्यांनी बोटावर दाखवला. तो प्रेटरचा मासा की त्याच्याच कुळातला दुसरा, हे खवले आणि परांचे काटे भिंगाखाली मोजल्याशिवाय ठरणार नाही. पण वहीत लिहायला ते ठरण्याची गरजही नव्हती.

ती छापील वही मुदतीत गेली, तिवरासकट. सरपंचांच्या मुलाने वाद घालून पाहिला, पण तारीख जवळ आली होती. मग आम्ही दोनशे पानी एक साधी वही घेतली. रकाने हाताने आखले : काय म्हणतात, कुठे, केव्हा, पूर्वी किती, आता किती, कोणी सांगितले. शेवटचा रकाना माझ्या आग्रहाने. करोनाच्या दोन वर्षांत काम थांबले, पुन्हा सुरू झाले. आता एकशे चाळीस पाने भरली आहेत. मरळ, वाम, आंबळी, शेंगट सगळे आले. रानभाज्यांची पाने गावातल्या बायकांनी सांगितली आणि दहावीतल्या एका मुलीने लिहिली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या अक्षरात. चुकाही आहेत. एका झाडाला दोन वाड्यांत दोन नावे निघाली आणि आम्ही ते दोनदा मोजले.

बारक्या मळ्याच्या ओळीत 'आता किती' हा रकाना अजून पेन्सिलीत आहे. आप्पांचे गुडघे गेले आहेत, पण नातू रस्ता जाणतो. दिवाळी झाली की पाणी निवळेल. भाऊबीजेनंतरच्या रविवारी वरच्या ओहोळात जायचे ठरले आहे.